दोन दशांशांची अडचण

मयूर विहार फेज वनमधल्या एका जुन्या सोसायटीत, जिन्याखाली, पाण्याच्या मीटरांना लागून एक निळी सायकल साखळीने बांधलेली असते. दिल्लीत सायकल म्हटली की दूधवाला, इस्त्रीवाला, नाहीतर हेल्मेट घालून पहाटे निघणारी हौशी तरुण मंडळी. ही सायकल यांपैकी कुणाच्याच पठडीत बसत नाही. नळ्या बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि पुढच्या नळीवर सिंहाचं चिन्ह. तिचे मालक सदुसष्ट वर्षांचे. सोसायटीतली मुलं त्यांना ‘सायकलवाले आजोबा’ म्हणतात. इथेही तेच नाव पुरे.

सायकल फ्रेंच, प्यूजो कंपनीची. हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते मोटारींमुळे. १९९०च्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ ही गाडी काही वर्षं तयार होत होती. पण या घराण्याने मोटारींच्या आधी सायकली केल्या, १८८२ पासून, आणि सायकलींच्याही आधी करवतीची पाती. तो सिंह मूळचा त्या पात्यांवरचा.

आजोबा तरुणपणी नोकरी सांभाळून संध्याकाळी फ्रेंच शिकायला जात. का, हे आजींना अजून कळलेलं नाही. १९८१ साली त्यांचे शिक्षक मायदेशी परतताना सामान विकत होते. कुणी पंखा घेतला, कुणी पुस्तकं. आजोबांनी सायकल घेतली. पुढे संसार, मुलगी, स्कूटर, मग यमुनेपलीकडचं हे घर; सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर पापडांची चाळणी वाळू लागली. निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. चालणं जड, जिने त्याहून जड. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. सायकलवर शरीराचं ओझं सीट घेते, गुडघे नाही. पापड दुसरीकडे गेले आणि प्यूजो खाली आली.

चार वर्षं झकास गेली. आजोबा सकाळी भाजी आणत, वाचनालयात जाऊन येत, थंडीतला धुरकटपणा नसेल त्या दिवशी यमुनेच्या खादरातल्या शेतांपर्यंत जात. घरातून बाहेर पडण्याची त्यांची तीच एक वाट होती म्हणा ना. मग हातांना मुंग्या यायला लागल्या. नेमक्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला. अर्ध्या तासात ती दोन बोटं आपली नाहीतच असं वाटे. मानही धरू लागली.

“अहो, बंद करा आता ती सायकल,” आजी म्हणाल्या. “बोटं गेली तर जेवणार कसे?”

ओळखीच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. करंगळीकडे जाणारी शीर तळहाताच्या कडेने, मनगटाच्या हाडाला लागून जाते. हँडल फार खाली आणि फार पुढे असलं की पाठ वाकते, धडाचा भार हातांवर येतो आणि ती शीर दिवसचे दिवस दाबली जाते. औषध एकच: हँडल वर घ्या, जवळ घ्या. पंचविशीत जी बैठक ऐटबाज वाटते ती साठीनंतर शिक्षा होते, आणि ही सायकल तर पंचविशीसाठीच बांधलेली.

आता हँडल वर घ्यायचं म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना हँडल आणि त्याचा खाली जाणारा दांडा एकाच तुकड्यात जोडलेले असत. असल्या रेसर सायकलींना तो दांडा वेगळा असतो. सातच्या आकड्यासारखा किंवा उलट्या काठीच्या मुठीसारखा दिसणारा हा भाग, त्याला स्टेम म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकात हँडल आवळलेलं असतं. खालची नळी पुढच्या चिमट्याच्या मानेत उतरते. आत एक लांब बोल्ट आणि टोकाला पाचर. वरून बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते, नळी आतून फुगते आणि मानेत घट्ट बसते. हातोडीच्या दांड्याला सुताराने पाचर मारावी तसंच, फक्त इथे पाचर आतून.

या स्टेमची उंची थोडीफार कमीजास्त करता येते, पण मनाला येईल तितकी नाही. नळीच्या व्यासाच्या निदान अडीच पट लांबी आत राहिली पाहिजे. म्हणजे बावीस मिलिमीटरच्या नळीला साडेपाच सेंटिमीटर. नव्या स्टेमवर तशी रेघ कोरलेली असते. जुन्यांवर बहुधा नसते, आणि माणसं दुखणारी पाठ सांभाळत अर्धा अर्धा सेंटिमीटर करत स्टेम वर ओढत राहतात. मग पाचर चिमट्याच्या मानेतल्या आट्यांच्या जागी येते, जिथे धातू आधीच पातळ झालेला असतो. आजोबांनीही दोन-तीनदा तेच केलं होतं.

हे लक्षात आलं ते आजींमुळे. दिवाळीआधीची साफसफाई चालली होती. आजोबांनी स्टेम काढून वर्तमानपत्रावर ठेवला होता, नवं ग्रीस लावायला. आजींना काळवंडलेली वस्तू दिसली की राहवत नाही. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन त्यांनी तो घासायला घेतला. सगळा लख्ख झाला, एक काळी रेघ सोडून. ती काही केल्या जाईना.

“अहो, हा डाग निघत नाहीये.”

आजोबांनी चष्मा लावला. डाग नव्हता. नळीला पाचर फुगवण्यासाठी खाली उभी चीर पाडलेली असते; त्या चिरेच्या वरच्या टोकापासून एक केसाएवढी तड आडवी निघाली होती आणि नळीच्या जवळजवळ पाव घेरापर्यंत गेली होती.

जुन्या काळातल्या काही फ्रेंच स्टेममध्ये हा दोष होता, हे जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांमध्ये जगभर माहीत आहे. चीर जिथे संपते तिथे एक छोटं गोल भोक पाडलं तर ताण पसरतो. भोक नसलं की सगळा ताण त्या एका टोकाशी गोळा होतो आणि अॅल्युमिनियमला तिथून तडा जातो. कापड फाडताना आधी कात्रीने टक लावतो, तसा. बाहेरून काही दिसत नाही, कारण तो भाग चिमट्याच्या आत लपलेला. एके दिवशी हँडल हातात येतं आणि सायकल पुढे निघून जाते. आजोबा आदल्याच आठवड्यात नोएडाच्या रस्त्यावरचा उड्डाणपूल उतरले होते, दोन पिशव्या भाजी घेऊन.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नवा मिळतो ना हा? मग आणा. मिळेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही.” म्हणजे मुंग्या आल्या तेव्हा त्या सायकल बंद करा म्हणत होत्या आणि तडा दिसल्यावर नवा भाग आणा म्हणाल्या. आजोबांनी या फरकाचं कारण विचारलं नाही. गेले चार दिवस ते दिवाणखान्यात बसून सगळ्या बातम्या मोठ्याने वाचत होते, हेच बहुधा कारण.

पहिला प्रयत्न कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे. त्याने पेटी उपसून एक स्टेम काढला, चिमट्याच्या तोंडावर ठेवला, दाबला. जाईना. “बाबूजी, दो हथौड़े मारूँगा, बैठ जाएगा,” असं म्हणून त्याने हातोडी उचलली तेव्हा आजोबांनी सायकल अक्षरशः ओढून घेतली. त्याने मग लहान मुलांच्या सायकलचा दुसरा एक स्टेम घातला. तो सळ्ळकन गेला आणि आत खडखडला. “एकदम फिट,” मिस्त्री म्हणाला. खरं तर हा दुसरा पहिल्यापेक्षा धोक्याचा. ढिल्या नळीत पाचर आवळली की आवळल्यासारखं वाटतं, पण ती दोन जागी टेकते, चहूबाजूंनी धरत नाही.

घरी येऊन आजोबांनी व्हर्नियर कॅलिपर काढला. तडा गेलेला स्टेम भरला २२.० मिलिमीटर. मिस्त्रीचा न जाणारा २२.२ होता, आणि खडखडणारा २१.१. सगळी भानगड दोन दशांश मिलिमीटरची.

हे दोन दशांश आले कुठून, याची कथा मोठी गमतीची आहे. जगातल्या बहुतेक सायकली इंग्लंडच्या मापाने बनल्या, म्हणजे इंचात. स्टेमची नळी पाऊण इंच आणि वर एक अष्टमांश, सात अष्टमांश इंच: २२.२ मिलिमीटर. आपल्याकडेही तेच आलं. मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ साली इंग्लिश कंपनीच्या हातात हात घालून उभी राहिली, आसनसोलची सेन-रॅले नॉटिंगहॅमच्या रॅलेबरोबर. मग लुधियाना, सोनीपत सगळे त्याच मापावर. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पुढच्या वर्षी नवे पैसे आले, शेर-मण गेले, पण सायकलचं चाक आजही अठ्ठावीस इंची ते अठ्ठावीस इंचीच.

फ्रान्सने मात्र मीटर जगाला दिला, १७९५ मध्ये. त्यांच्या सायकली मिलिमीटरमध्ये. स्टेम २२ मिलिमीटर, चिमट्याची मान २५ मिलिमीटर, तिच्यावरचे आटे एक मिलिमीटर अंतराचे. इंग्लिश मान एक इंच म्हणजे २५.४. पायडलचा आटा १४ मिलिमीटर, इंग्लिश १४.३ च्या आसपास. मधल्या धुऱ्याच्या कपांचे आटे इंग्लिश सायकलला एका बाजूने उलटे असतात, फ्रेंचला दोन्ही बाजूंनी सुलटे. प्रत्येक बाबतीत केसाएवढा फरक, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. मोठा फरक असता तर कुणी जबरदस्ती केली नसती. इथे प्रत्येक मिस्त्रीला वाटतं, थोडं जोर लावला की बसेल. १९८० च्या दशकात फ्रेंच कारखान्यांनी आपली मापं सोडली आणि जगाची घेतली. ज्यांनी जगाला मीटर शिकवला त्यांच्याच जुन्या सायकली त्यामुळे पोरक्या झाल्या.

झंडेवालानला सायकलींचा मोठा घाऊक बाजार आहे. ब्लू लाइन मेट्रो मयूर विहारहून थेट तिथे जाते, गाडी बदलावी लागत नाही. गुडघ्यांच्या दृष्टीने हा सोयीचा भाग. आजोबा व्हर्नियर खिशात घेऊन तीन वेळा गेले. दुकानदार त्यांना ओळखायला लागले. रंगीबेरंगी गियरच्या सायकली, गठ्ठ्यांनी टांगलेले टायर, छर्ऱ्यांच्या पुड्या, सीटांचे डोंगर. शेजारच्या साहिबाबादचा अॅटलसचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला, ती हळहळ अजून गल्ल्यावर ऐकू येते. स्टेम भरपूर होते. सगळे २२.२. एका हसऱ्या सरदारजींनी तर सांगूनच टाकलं, “अंकलजी, फ्रेंच तो परफ्यूम होता है.”

मुलगी बंगळूरला. तिने फोनवर आधी ठरलेलं उत्तर दिलं: “बाबा, नवी सायकल घ्या ना.” नंतर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने आपल्या ऑफिसातल्या सायकलवेड्या मित्रांना विचारलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, फ्रान्समधून कुणाकडून तरी जुना २२ मिलिमीटरचा मूळ स्टेम मागवायचा.

हौशी संग्राहकांना ही वाट आवडते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचं संग्रहालय उघडलं. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या सायकलीचा प्रत्येक स्क्रू मूळचा असावा, हा आग्रह योग्यच. पण जिच्यावरून रोज भाजी आणायची तिला मूळचा भाग म्हणजे त्याच वयाचा, कदाचित त्याच चिरेचा आणि तितकाच आखूड भाग. माप बरोबर आणि बाकी सगळं चूक. आजोबांनी ती वाट सोडली. संग्राहकांना न पटणारा हा निर्णय होता, पण निर्णय त्यांच्या करंगळीने घेतला होता.

दुसरी वाट म्हणजे उंच, आखूड पुढचा, २२.२ चा चांगला स्टेम घ्यायचा आणि त्याची नळी घासून २२.० करायची. जपानची निट्टो ही १९२३ पासूनची कंपनी. तिचा टेक्नॉमिक नावाचा स्टेम नेहमीच्या स्टेमपेक्षा चांगलाच लांब नळीचा असतो. तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून घासता येतो. पोलादी स्टेम घासला तर वरचं क्रोम जातं आणि महिनाभरात गंज धरतो. मुलीच्या मित्राकडे एक पडून होता. ती तो पायमोज्यात गुंडाळून घेऊन आली. बंगळूरच्या विमानतळावर तपासणीवाल्याने तो बाहेर काढून उलटसुलट पाहिला. हे हत्यार नाही, माझ्या बाबांच्या सायकलचा भाग आहे, हे पटवायला तिला पाच मिनिटं लागली.

आजोबा आधी त्रिलोकपुरीकडच्या एका खरादवाल्याकडे गेले. तो जाणता निघाला. म्हणाला, ही वस्तू लेथवर धरताच येणार नाही. पुढचा हात बाहेर आलेला, फिरवली की हेलकावे खाईल. हाताने घासा, पॉलिश पेपरने, घाई करू नका. पैसे घेतले नाहीत. त्यालाच आजोबांनी विचारलं, चिमट्याची मान आतून मोठी करता येईल का? त्याने मान हलवली. चिमट्याची भिंत पातळ करायची, आणि बिघडला तर दुसरा फ्रेंच चिमटा आणायचा कुठून? स्टेम बिघडला तर दुसरा स्टेम मिळतो.

दोन संध्याकाळी घासकाम चाललं. पॉलिश पेपरची लांब पट्टी कापायची, नळीभोवती एक वेढा द्यायचा आणि बूट पॉलिशवाला जसं फडकं इकडून तिकडे ओढतो तशी ओढायची. दहा वेळा ओढलं की नळी पाव वळण फिरवायची, म्हणजे एकाच बाजूने झिजत नाही. आधी जाड पेपर, शेवटी बारीक. दोन दशांश व्यासात म्हणजे प्रत्येक बाजूने एक दशांश. साधारण केसाच्या जाडीएवढा थर. घासायचं तेही फक्त खालचे सातेक सेंटिमीटर, कोरलेल्या रेघेच्या जरा वरपर्यंत. आजी व्हर्नियर धरून बसल्या. त्यांना ते यंत्र वाचता येऊ लागलं आणि मग त्या कडक झाल्या.

“बावीस पॉइंट एक. अजून.”

“अगं, आता जाईल.”

“बावीस पॉइंट शून्य पाच. घासा.”

शेवटी स्टेम हाताच्या साध्या दाबाने, ना खडखडता ना अडकता, आत उतरला. ग्रीस लावूनच. पोलादात अॅल्युमिनियम कोरडा ठेवला तर काही वर्षांनी दोन्ही एकमेकांना असे धरतात की सोडवता येत नाहीत.

काम संपलं असं वाटलं तर हँडल फिरायला लागलं. हँडलचा मधला भाग फ्रेंच, २५ मिलिमीटर. नव्या स्टेमचं तोंड २५.४. पुन्हा चार दशांश. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून आत घातला, तो पहिल्याच खड्ड्यात सरकला. मग दोन दशांश जाडीचा पितळी पत्रा आणून त्याची नीट मापाची पट्टी बसवली. एकाच वेढ्यात चार दशांश भरून निघाले आणि हँडल धरलं. ब्रेकच्या तारा अर्थातच अपुऱ्या पडल्या, कारण हँडल वर गेलं की तारही वर जाते. त्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने बदलल्या. हातोडी न वापरता.

आवळून झाल्यावर पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहायचं असतं. साध्या जोराने हलता कामा नये. अगदी ताकद लावली तर किंचित फिरावं, म्हणजे पडल्यावर मोडण्याआधी ते वळतं. आजोबांचे गुडघे या कामाला नकार देत होते. मुलीने चाक धरलं.

हँडल आता सीटच्या बरोबरीला आहे, पूर्वी आठ सेंटिमीटर खाली होतं. पुढेही दोन सेंटिमीटरने कमी. सायकल दिसायला थोडी विचित्र झाली आहे, उंच मानेच्या बगळ्यासारखी, आणि खऱ्या दर्दी माणसाला ती पाहून वाईट वाटेल. पहिल्या दिवशी आजोबा अर्धा तास जाऊन आले. आजींनी दारातच हात पुढे करायला सांगितला आणि करंगळी चिमटली. “लागलं का?” “लागलं.” मग त्यांनी पिशवी आणि यादी दिली.

जुना स्टेम आठवडाभर वर्तमानपत्रावर पडून होता. तसाच भंगारात दिला तर कुणीतरी मिस्त्री तो पुसून पुन्हा कुणाच्या तरी सायकलला बसवेल, ही आजींची शंका. ती रास्त होती. पुसल्यावर तो फारच छान दिसत होता. आजोबांनी हॅक्सॉने तड्याच्या जागी त्याचे दोन तुकडे केले. कापायला फारसं लागलंच नाही, पाव भाग आधीच सुटलेला होता. रविवारी कबाडीवाला आला, त्याने दोन्ही तुकडे तराजूत टाकले आणि अॅल्युमिनियमच्या भावाने पैसे दिले.